अर्धी चिठ्ठी

खाण बंद पडली त्या वर्षी गावातून आधी दगड जायचे थांबले, मग माणसं जायला लागली. माणसं गेली तशी त्यांची डोकी गेली, आणि डोकी गेली म्हणून चौकातला केस कापणारा गेला. हिशेब सरळ होता. कारागीर वाईट नव्हता, कात्रीला धार होती. कात्रीखाली यायला डोकंच उरलं नव्हतं. उरले ते म्हातारे, आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं जे होतं ते वाऱ्यानंही गेलं असतं.

तो गेला त्याला दोन हिवाळे होऊन गेले होते. मागे राहिले बायको, बाप, भिंतभर आरसा आणि खुर्ची.

खुर्ची साधीसुधी नव्हती. ओतीव लोखंडाची बैठक, पाय टेकायला नक्षीची जाळी, मान टेकायला कातडी उशी, आणि उजव्या अंगाला वर-खाली करायचा दांडा. उचलायची तर चार माणसं लागत, आणि पाचवा सूचना द्यायला. त्याच्या बापानं, म्हणजे आबांनी, उमेदीच्या काळात ती बंदराच्या गावाहून मालगाडीनं आणवली होती. पुढे हात थरथरायला लागले तेव्हा कात्री नि खुर्ची मुलाच्या स्वाधीन करून आबा दारातल्या बाकावर बसले. जीभ मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली. तिची धार गेलेली नव्हती.

आता त्या खोलीत केस पडत नव्हते, सामान पडत होतं. गाव सोडून जाणारे पंखे, पलंग, ट्रंका, सायकली ठेवून जात. मागे राहिलेले मागे राहिल्यामुळे ठेवून जात. त्याची बायको, गावाची वहिनी, ते विकून द्यायची. आलेल्या पैशाचे चार भाग. तीन मालकाचे, एक दुकानाचा. म्हणून गावानं तिचं नाव 'चौथाई वहिनी' पाडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. नावं ठेवायला का होईना, माणसं उरली आहेत, असं ती म्हणायची.

दुकानाचे नियम तिनं पहिल्याच महिन्यात भिंतीवर रंगवून घेतले होते. वस्तूवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कोणाच्या घरातून काय बाहेर पडलं हे चौकाला कळायचं कारण नाही. (चौकाला सगळं कळायचं, पण चिठ्ठीवरून कळायचं नाही, एवढी अब्रू राहायची.) चिठ्ठीचे दोन तुकडे, एक वस्तूला बांधलेला, एक मालकाकडे. मध्ये नवऱ्याची जुनी कात्री अशी वेडीवाकडी फिरवायची की दुसरा कुठलाही तुकडा त्याला जुळू नये. वस्तू विकली जाण्याआधी मालकानं अर्धी चिठ्ठी आणली तर वस्तू परत. विकली गेल्यावर आणली तर तीन भाग पैसे परत. चिठ्ठी नाही तर काही नाही. पैसे तीन महिन्यांत न्यायचे, नाहीतर ते दुकानाचे. दर तीन महिन्यांनी किंमत उतरणार. आणि शेवटचा नियम, तिनं लाल रंगात लिहून घेतलेला: चिठ्ठी बांधली, किंमत मोजली, वस्तू गेली.

एक नंबरची चिठ्ठी खुर्चीला होती.

ती नवऱ्यानं स्वतः कापली होती, निघायच्या आदल्या संध्याकाळी, थट्टेत. दुकान त्यानंतरचं; चिठ्ठीची रीत तिथूनच आली. ती म्हणाली होती, "हे अवजड धूड ठेवून चाललात, भाडं कोण देणार त्याचं?" तो म्हणाला होता, "विकायला ठेवली समज." मग कागदाचा तुकडा घेऊन त्यानं त्यावर एक लिहिलं आणि कात्री फिरवली, सरळ नाही, कानामागून फिरवतात तशी, हळूच, कड राखून. एक तुकडा दांड्याला बांधला, एक वरच्या खिशात ठेवला. "चिठ्ठी आणल्याशिवाय देऊ नकोस हं मला," असंही म्हणाला होता. आठ महिने त्याचे फोन येत होते. मग येईनासे झाले.

सगळ्यांच्या किमती तीन महिन्यांनी उतरायच्या, खुर्चीची वाढायची. पाच हजारांवरून सुरुवात झाली होती. कोणी नुसतं निरखून पाहिलं तरी ती दोन हजार वाढवायची. आता एकवीस हजार होती. तेवढ्यात नव्या दोन आल्या असत्या आणि वर गिऱ्हाइकाला चहा.

"सगळ्यांचा माल जुना होतो," आबा म्हणायचे, "तुझाच तेवढा तरुण होत चाललाय."

"तुम्ही पाटी लिहा आबा."

पाटी हे आबांचं खातं होतं. दारातल्या काळ्या पाटीवर रोज सकाळी एक ओळ, खडूनं, थरथरत्या हातानं. त्यामुळे प्रत्येक अक्षर थंडी वाजल्यासारखं दिसायचं. 'आज आला: पंखा, तीन पात्यांचा, तिन्ही शाबूत.' 'ट्रंक. कुलूप आहे. किल्ली शोधणाऱ्याला आतला माल फुकट.' 'बुटांचा जोड. मालक फार चालला नाही.' लोक पाटी वाचायला थांबायचे. थांबलेल्यांपैकी चौथा आत यायचा, आत आलेल्यांपैकी चौथा काहीतरी घ्यायचा. तिचं नशीबच चौथाईचं होतं.

उन्हाळा चढला तशी खाणीची पांढरी धूळ पुन्हा गावावर यायला लागली. काम बंद होतं पण धूळ कामावर होती. सकाळी वहिनी ओल्या फडक्यानं एकेक वस्तू पुसायची. पलंगाचे पाय, शिलाई यंत्राचं चाक, कोणाच्या तरी लग्नातले कप. वस्तू पुसली की मालकासारखी दिसायची. त्या पंख्याकडे पाहिलं की त्याच्याखाली झोपणारं पोटही आठवायचं. खुर्ची ती सगळ्यात शेवटी पुसायची आणि तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. आबा तेव्हा मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

एका सकाळी मुकादमीण काकी आल्या. खाण चालू होती तेव्हा नवरा मुकादम, सत्तर माणसांवर ओरडायचा. आता फुप्फुसात धूळ बसली होती आणि पाणी मागायचं तरी तो हातानं खूण करायचा. काकी एरवी यायच्या त्या दिवेलागणीला, पदराआड काहीतरी घेऊन, डावीकडे-उजवीकडे बघत. आज भर उजेडात आल्या, घाईनं, आणि हातात अर्धी चिठ्ठी.

"रेडिओ दे गं माझा," त्या म्हणाल्या. "त्यांना दवाखान्यातून आणलंय काल. आल्यापासून कोनाड्याकडे बोट दाखवतायत."

वहिनीच्या हातात फडकं होतं. दारात एक बाई उभी होती, शेजारच्या वाडीतली, काखेत रेडिओ. नुकतेच पैसे मोजून वळलेली. टेबलावर नोटा अजून पडलेल्याच होत्या.

काकींनी रेडिओ पाहिला. त्याच्या डाव्या कोपऱ्याला निळा दोरा होता, त्यांनीच बांधलेला.

"आत्ताच गेला, काकी."

"गेला कुठं, हा काय इथंच आहे."

"पैसे मोजले त्यांनी."

"मग परत दे मोजून. तुझी चौथाई मी देते वरून."

बाईनं रेडिओ काखेत घट्ट केला. "मी चार मैल चालत आलेय," ती म्हणाली. "पाटी वाचून नाही आले, ठरवून आलेय."

वहिनीनं भिंतीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, लाल ओळ सगळ्यांना पाठ होती. आज काकींसाठी मोडली तर उद्या कोणाच्या चिठ्ठीला कोण विचारणार? नियम गेला तर दुकानात सामान उरेल, दुकान उरणार नाही. तिनं तीन भाग मोजून पुढे केले. काकींनी ते दोनदा मोजले. बरोबर आहेत हे माहीत असून मोजले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

जाताना खुर्चीच्या दांड्याला बांधलेल्या तुकड्याला त्यांनी बोट लावलं. "हिलाही येऊ दे एखादं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "मग वाचू आपण भिंत."

त्या दिवशी आबांनी पाटीवर काहीच लिहिलं नाही.

पुढचे दोन महिने माल येत राहिला आणि गिऱ्हाईक येईना. सगळं गाव विकायला निघालेलं. घ्यायला कोण उरणार? खुर्च्यांवर टेबलं चढली, टेबलांवर ट्रंका. वाट अशी उरली की आबा बाकावरून आत यायचे ते आडवे होऊन. वहिनी बाजाराच्या दिवशी हातगाडी भरून चार मैल ढकलत न्यायची. जाताना पंधरा वस्तू, येताना तेरा. खांद्यांना दोरीचे वळ पडले. एकदा उतारावर गाडी सुटली आणि कोणाच्या तरी लग्नातल्या कपांपैकी चार फुटले. त्या नंबरच्या मालकिणीला तिनं चारांचे पुरे पैसे स्वतःच्या भागातून दिले, विकले गेले असं सांगून. मालकीण म्हणाली, "विकले म्हणजे? मला वाटलं राहतील." पैसे घेऊन ती रडली. विकायला ठेवलेलं विकलं गेल्यावर रडणाऱ्यांचा वेगळा रकाना असता तर वही तिथेच भरली असती.

शेवटी चौकातला फोटोवाला म्हणाला, "वहिनी, गाव विकतंय, बाहेरगाव घेतंय. माल फोनवर दाखवा. गाव सोडून गेलेले सगळे एका गटात आहेत. त्यांना गावातलं काहीही दाखवा, मांजर दाखवा, बघत बसतात."

"घेतात का?"

"आधी बघतात. मग त्यांना झोप येत नाही. मग घेतात."

फोटोवाल्यानं रोज सकाळी एक फोटो घ्यायचा ठरलं: पाटी आणि दिवसाची वस्तू. जागा कमी, उजेड एकाच ठिकाणी, त्यामुळे वस्तू कुठलीही असो, ती ठेवायची खुर्चीवर. खुर्चीवर बसलेला पंखा. खुर्चीवर बसलेली शिवणाची पेटी. बुटांचा जोड, जाळीवर, जणू कोणी पाय काढून घेऊन गेलाय. आणि प्रत्येक फोटोत बाजूला, दांड्याला, नंबर एक, किंमत एकवीस हजार.

गाव सोडून गेलेल्यांनी बूट पाहिले, पण बोलले खुर्चीबद्दल. 'याच खुर्चीत माझे पहिले केस.' 'मी रडलो होतो, कानाला लागलं होतं.' 'एकवीस हजार? त्यात कारागीर पण येतो का?' फोटोवाला ते वाचून दाखवायचा आणि शेवटची थट्टा वाचताना जीभ चावायचा. वहिनी म्हणायची, "वाच, वाच. हसले तर हसू देत. वाचताहेत ना."

आणि खरंच, माल हलू लागला. ट्रंक गेली, दोन सायकली गेल्या. कोणी भावाला पाठवायचा, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोवाल्याला. रोज दुपारी, चौक उन्हानं रिकामा झाला की, वहिनी दार लोटून खुर्चीत बसायची. पाय जाळीवर, मान उशीवर. समोर आरसा. आरशात तिच्या मागे पलंग, पंखे, ट्रंका, सगळ्या गावाचं सामान उभं असायचं. त्याच्या पुढे, तिच्या खांद्याशी, जिथं एक माणूस उभा राहायचा तिथं जागा मोकळी. इतक्या अडचणीच्या दुकानात तेवढ्या दीड हात जागेत तिनं कधी काही ठेवलं नव्हतं. लग्न नवं असताना एकदा दुपारी त्यानं तिलाच बसवून तिच्या केसांची टोकं कापली होती. हनुवटी दोन बोटांनी सरळ केली होती आणि म्हणाला होता, "हलायचं नाही." तिला वाटायचं, तेवढंच आपण करतोय अजून.

टेम्पो आला तो अशाच एका दुपारी. दार लोटलेलं होतं म्हणून टेम्पोवाल्यानं कडी वाजवली. ती उठली, केस मागे घेतले, दार उघडलं. आबा मागच्या खोलीतून आडवे होत आले. मुकादमीण काकीही तिथंच होत्या, मागच्या पडवीत. रेडिओनंतर महिनाभर त्या तोंड दाखवेनात, मग पडद्यांच्या घड्या विकायला घेऊन आल्या, आणि आता घड्या घालायला म्हणून रोज येऊन बसायच्या. घरात खोकला होता, इथं निदान बोलणं होतं.

टेम्पोवाला तिशीचा, उन्हानं रापलेला, गळ्यात ओला रुमाल. अनोळखी. त्यानं सामानाकडे पाहिलंच नाही.

"ही विकायची आहे ना?"

"चिठ्ठी आहे म्हणजे विकायची आहे."

"किंमत तीच?"

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं." त्यानं रुमालानं मान पुसली. "भाव नाही करायचा मला."

पडवीत घडी घालायचा आवाज थांबला. भाव न करणारं गिऱ्हाईक वहिनीनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आठवीतला मुलगा दप्तराला भाव करायचा. परका माणूस चार मैलांवरून नाही, त्याच्या टेम्पोच्या चिखलावरून दिसत होतं की चांगला दोन दिवसांवरून आलेला, आणि एकवीस हजारांना नुसती मान हलवतो?

तो खुर्चीकडे वळला. आतापर्यंत ज्यानं-त्यानं त्या दांड्याशी कुस्ती केली होती आणि दांडा जिंकला होता. यानं बाजूला टाच टेकवली, दांडा अर्धा वर उचलला, क्षणभर थांबला आणि मग दाबला. खुर्ची उसासा टाकल्यासारखी खाली बसली.

आबांची मान वर झाली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय, बाबा?"

"दांड्याचं."

"सगळ्या जुन्या खुर्च्यांचा असाच असतो."

"नसतो," आबा म्हणाले. "तो मोडला होता. मी दुरुस्त केला होता. चुकीचा."

टेम्पोवाल्यानं शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पुडकं, पुडक्यातून नोटा. लहान नोटा होत्या, दहा-दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या; रोजच्या गल्ल्यातल्या, एकेक उलगडून सपाट केलेल्या. वहिनी मोजायला बसली. दुसऱ्याच गड्डीत तिच्या बोटांना काहीतरी टोचलं. तिनं नोट उजेडात धरली. नोट खरी होती. घडीत केसांचे बारीक कण अडकले होते, काळे, एक-दोन पिकलेले. तिनं गड्डी टेबलावर आपटली तशी पांढऱ्या धुळीवर बारीक काळी भुकटी सांडली.

बारा वर्षं तिनं अशाच नोटा मोजल्या होत्या. तेव्हा ती त्याला म्हणायची, "आधी हात धुवा, मग गल्ला मोजा." त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

ती मोजत राहिली. नोटा संपेपर्यंत मान वर केली नाही. एकवीस हजार होते. शेवटची दहाची नोट दोन तुकडे चिकटवून केलेली.

"एक विचारते," ती म्हणाली. "तुम्ही गिऱ्हाईक, की मालकाकडचे?"

"म्हणजे?"

"मालकाकडचे असाल तर हे पैसे उचला. अर्धी चिठ्ठी दाखवा आणि खुर्ची फुकट न्या. गिऱ्हाईक असाल तर चिठ्ठी नको. पैसे ठेवा आणि न्या."

टेम्पोवाल्यानं भिंतीवरचे नियम वाचले, सावकाश, ओठ हलवत. "मी म्हणालो होतो त्याला," तो शेवटी पुटपुटला. "फोटोत चिठ्ठी दिसते, तुझ्याकडे दुसरा तुकडा आहे, तो दे, पैसे वाचतील. म्हणाला, तो द्यायचा नाही." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो रुमालाशी खेळू लागला. "मी गिऱ्हाईक आहे, ताई."

वहिनीनं टेबलाची कड धरली. आबांनी विचारलं, कोणाकडे न बघता, जणू हवेला: "बरा आहे?"

"धरणाच्या कामावर असतो. पत्र्याखाली केस कापतो, स्टुलावर बसवून. स्टूल बुटकं, हा उंच. वाकून वाकून पाठ धरलीय. संध्याकाळी भिंतीला धरून उठतो."

"फोन नाही त्याच्याकडे?"

"आहे की. तुमची पाटी रोज वाचतो. आम्हालाही वाचून दाखवतो. बुटांची तर दोनदा वाचली. फोन लावायला घेतो कधीकधी. मग म्हणतो, आधी काहीतरी पाठवण्यासारखं होऊ दे."

वहिनीला एक विचारायचं होतं आणि ते तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, पण ते विचारलं पडवीतून मुकादमीण काकींनीच. "एकटाच राहतो?"

"पत्र्याच्या एका खोलीत आठ जण राहतो आम्ही, काकी," टेम्पोवाला म्हणाला. "एकटं राहायला जागा कुठंय."

हे उत्तर पाठ करून आणलं होतं की खरं होतं, हे त्याच्या तोंडावरून कळेना. वहिनीनं ते तसंच बाजूला ठेवलं, नंबर न घालता.

खुर्ची गेली तर नवऱ्याला इथं यायला कारण काय उरणार? बायको होती, बाप होता. पण ही कारणं दोन वर्षं पुरी पडली नव्हती. एकवीस हजारांची भिंत तिनं बांधली ती लोकांनी चढू नये म्हणून. चढला तो हाच, दहा-दहाच्या नोटा रचून, आणि भिंतीपलीकडून खुर्ची उचलून जाणार. स्वतः न येता. वर पैसे तिच्याच पदरात. हे देणं होतं की सोडवून घेणं, तिला ठरवता येईना.

काकी घडी टाकून बाहेर आल्या. तिच्या कानाशी वाकल्या. "नाही म्हणून टाक गं," हळूच म्हणाल्या. "रेडिओचं मी कोणाजवळ काढणार नाही. शपथ."

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातावर कोळसा होता. नवऱ्याला शेक द्यायला त्यांनी आता पुन्हा शेगडी पेटवायला सुरुवात केली होती.

"किंमत मोजली, काकी," ती म्हणाली.

मग तिनं नोटांचे चार ढीग केले. एक गल्ल्यात टाकला. तीन ढीग एका फडक्यात बांधले, तेच फडकं, खुर्ची पुसायचं. दांड्यावरचा तुकडा सोडून गाठीत अडकवला आणि फडकं कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

"खुर्ची तुमची," ती टेम्पोवाल्याला म्हणाली. "हे तीन भाग मालकाचे. विकून झाल्यावर मालकाला पैसे मिळतात. अर्धी चिठ्ठी घेऊन, समक्ष. दुसऱ्याच्या हाती देत नाही मी."

"पण ताई, हे पैसे तर त्याचेच…" टेम्पोवाला बोलता बोलता अडला.

"त्याचेच," ती म्हणाली. "म्हणून तर."

आबा पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता खोकले.

खुर्ची उचलायला चौकातले चार म्हातारे बोलावले, सूचना द्यायला आबा होतेच. त्यांनी ती बैठकीपासून कलती केली तेव्हा खाली जमिनीवर गोल डाग दिसला, आणि डागाच्या कडेनं, फटीत साठलेले केस. वर्षानुवर्षांचे. काळे, तांबूस, कुरळे, लहान मुलांचे मऊ. खाण चालू होती तेव्हाच्या सगळ्या डोक्यांचे. एक म्हातारा म्हणाला, "यात माझेही असतील, तेव्हा होते मला." सगळे हसले आणि मग कोणीच हसेना. टेम्पोत खुर्चीचा पाया दोरांनी आवळला, बैठक मोकळी राहिली. चौकातून जाताना ती एकदा आपोआप फिरली, मागे तोंड करून, आणि तशीच गेली.

झाडू आणायला काकी उठल्या. "राहू द्या," वहिनी म्हणाली. "आज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पाटी मांडीवर घेतली. "काय लिहू? खुर्ची गेली म्हणून लिहू?"

"मी सांगते ते लिहा."

आबांनी लिहिलं, थरथरत, पण नेहमीपेक्षा ठसठशीत. 'नंबर एकचे मालक: वस्तू विकली गेली. तीन भाग तयार आहेत. अर्धी चिठ्ठी घेऊन समक्ष यावे.'

"आणि खाली मुदत," आबा म्हणाले. "नियम आहे तुझा. तीन महिन्यांत नाही आला तर पैसे दुकानाचे." त्यांनी लिहिलंही, 'मुदत तीन महिने.'

फोटोवाला फोन घेऊन उभा होता. खुर्ची नव्हती म्हणून पाटी कुठं टेकवावी ते त्याला कळेना. वहिनीनं पाटी त्या गोल डागावर ठेवली, आरशाला टेकवून, केसांच्या कडेत. मग ती खाली बसली आणि अंगठ्यानं शेवटची ओळ पुसली.

"नियम मोडलास," आबा म्हणाले.

"नाही मोडला," ती म्हणाली. "मोजायला सुरुवात केली नाही अजून."

तिनं अंगठ्यावरचा खडू पदराला पुसला आणि फोटोवाल्याला म्हणाली, "घे. अक्षर दिसेल असा घे."